आयर्विनला किती फूट आणि बीपी किती

*डॉक्टर, स.न.वि.वि. मी सांगलीला गावभागात राहते. वय ५८. बीपी सात वर्षांपासून आहे. एक गोळी सकाळी, एक रात्री जेवल्यावर. २०१९ च्या महापुरात आमच्या घरात डोक्यावर पाणी होतं, तेव्हापासून झोप गेली ती गेलीच. नऊला आडवी होते, अकरा-साडेअकरापर्यंत कूस बदलत राहते. दोनला जाग आली की पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा नाही. लघवीला तीनदा उठते. पावसाळ्यात उठलं की आधी मोबाइलवर कृष्णेच्या आयर्विन पुलाजवळ पाणी किती फूट झालं ते बघते, मग बीपीचं मशीन लावते. परवा रात्री तीनला १६८/९६ आलं आणि जीव घाबरा झाला. शेजारच्या वहिनींनी त्यांच्या झोपेच्या गोळ्या दिल्या आहेत, महिनाभर रोज अर्धी घेतेय. झोप लागते, पण सकाळी डोकं जड. मिस्टर म्हणतात मी घोरते, म्हणून ते बाहेरच्या खोलीत झोपतात. पण झोपच लागत नाही तर मी घोरणार कधी? झोप नाही म्हणून बीपी वाढतंय की बीपीमुळे झोप नाही? माझ्या हृदयाला काही होईल का? आणि गौरींचं जागरण यंदा करू की नको? गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो सोबत जोडले आहेत.*

*— एक वाचक, सांगली*

ताई, नमस्कार.

'झोपच लागत नाही तर मी घोरणार कधी?' हे वाक्य वाचून आधी हसू आलं, मग मी पत्र बाजूला ठेवून जरा विचार केला. कारण तुम्ही दोघंही खरं बोलताय. झोप तुटक असली की माणसाला जागेपण लक्षात राहतं, मधला झोपेचा तुकडा राहत नाही. तुम्हाला वाटतं आपण रात्रभर टक्क जाग्या होतो, आणि बाहेरच्या खोलीत मिस्टरांना मात्र आवाज ऐकू येत असतो.

म्हणून पहिलं काम त्यांच्याकडे. दोन-तीन रात्री त्यांनी तुमच्याजवळ झोपावं आणि मोबाइलवर तुमचं घोरणं रेकॉर्ड करावं. त्यांना राग येईल, पण सांगा डॉक्टरांनी सांगितलंय. नुसतं घोरणं असेल तर एक गोष्ट. पण घोरणं चालू असताना मध्येच आवाज बंद, काही सेकंद सगळं शांत, आणि मग गुदमरल्यासारखा मोठा श्वास, असं दिसलं तर तो स्लीप ॲप्नियाचा संशय. झोपेत घसा सैल पडून हवेची वाट बंद होते, रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकून माणसाला अर्धवट जागं करतो आणि त्या प्रत्येक दचक्याला बीपी वर उडी घेतं. हे रात्रीत कितीतरी वेळा होतं, माणसाला त्यातली एखादीच जाग आठवते. रात्री लघवीला वारंवार उठणं हेसुद्धा त्याचं एक लक्षण असतं, हे पुष्कळांना माहीत नसतं. पाळी गेल्यानंतर बायकांमध्ये याचं प्रमाण वाढतं आणि 'घोरणं हे पुरुषांचं' या समजुतीमुळे ते राहून जातं. गोळ्या वाढवूनही बीपी हटत नाही अशा पेशंटमध्ये तर हा विकार हमखास शोधावा लागतो.

याची तपासणी म्हणजे रात्रभर श्वास, ऑक्सिजन आणि हृदयाचे ठोके मोजणं. यंत्र घरी लावूनही ती करता येते. मिरज तुमच्या हाकेच्या अंतरावर आहे. छातीविकार तज्ज्ञांना विचारा आणि रेकॉर्डिंग सोबत न्या, तोंडी सांगण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त.

आता तुमचा मुख्य प्रश्न, झोपेमुळे बीपी की बीपीमुळे झोप. नुसत्या वाढलेल्या बीपीने सहसा झोप उडत नाही, त्याची काळजी आणि त्याच्या गोळ्या उडवू शकतात. उलट बाजूने मात्र धागा पक्का आहे. चांगली झोप लागली की बीपी दिवसापेक्षा साधारण दहा ते वीस टक्क्यांनी उतरतं. हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना तेवढीच उसंत. झोप तुटत राहिली की शरीर सावधच राहतं, ठोके आणि दाब उतरायचे तेवढे उतरत नाहीत. रात्री ज्यांचं बीपी उतरत नाही त्यांना हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका जास्त असतो. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या यादीत हृदय सांभाळण्याच्या सात गोष्टी होत्या: आहार, व्यायाम, तंबाखू, वजन, साखर, कोलेस्टेरॉल, बीपी. २०२२ साली त्यात आठवी आली, झोप. मोठ्या माणसाला सात ते नऊ तास.

मीही पूर्वी बीपीच्या पेशंटला मीठ विचारायचो, तंबाखू विचारायचो, चालता का विचारायचो, झोपेचं नाही. पेशंटनं आपण होऊन काढलंच तर 'वय झालं की कमी होते' म्हणून पुढच्या नंबरला हाक मारायचो. आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री, तीन महिन्यांहून अधिक काळ झोप बिघडली असेल तर तो निद्रानाश, एक स्वतंत्र दुखणं. तुमचं तर कितीतरी वर्षांचं आहे. बीपीच्या फाइलमध्ये शेवटची ओळ म्हणून नको, पहिली तक्रार म्हणून डॉक्टरांपुढे मांडा.

एक गोष्ट मात्र आधीच स्पष्ट सांगतो. झोप सुधारली की बीपीच्या गोळ्या सुटतील, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. आयर्लंडमध्ये बीपीच्या रुग्णांवर निद्रानाशाच्या उपचाराची एक चाचणी झाली, २०१७ साली ती प्रसिद्ध झाली. झोप सुधारली, पण आठ आठवड्यांत बीपीत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. इतर काही अभ्यासांत थोडं उतरलेलंही दिसतं. म्हणजे झोपेचा उपचार गोळ्यांच्या जोडीने करायचा, गोळ्यांऐवजी नाही. पण जी बाई रात्री झोपते ती सकाळी चालायला जाते, गोळी विसरत नाही आणि चिडून खारट-तिखट चरत बसत नाही. माझ्या मते हृदयाला त्याचाच फायदा मोठा.

आता ते रात्री तीनचं मशीन.

डोळ्यांपुढे आणा. अंधारात दचकून उठलात, लघवी तुंबलेली, मोबाइलवर पाण्याचे फूट बघितले, कोयनेतून विसर्ग वाढवल्याचा मेसेज वाचला आणि त्याच हाताला पट्टा बांधला. १६८ नाही येणार तर काय येणार? नुसत्या भरलेल्या मूत्राशयानेही आकडा चढतो. मग आकडा बघून घाबरलात, पुन्हा मोजलं असेल, तो आणखी चढला असेल. तिथून झोप येणार कशी!

मशीन रात्री कपाटात, किल्ली मिस्टरांकडे. मोजायचं ते सकाळी गोळी घेण्याआधी आणि संध्याकाळी जेवणाआधी. लघवीला जाऊन यायचं, खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीला लावून पाच मिनिटं गप्प बसायचं, हात टेबलावर छातीच्या उंचीला, एका मिनिटाच्या अंतराने दोनदा. असं सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी. घरी मोजलेली सरासरी १३५/८५ च्या खाली हवी. झोपेतलं बीपी खरंच बघायचं असेल तर त्यासाठी चोवीस तास दंडाला बांधायचं यंत्र असतं, ते झोपेतही आपोआप मोजतं. रात्रीची सरासरी १२०/७० च्या आत असावी. डॉक्टरांना त्याबद्दल जरूर विचारा.

छातीत दुखणं, धाप लागणं, तोंड वाकडं होणं, जीभ अडखळणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, यांतलं काहीही झालं तर मशीन शोधत बसायचं नाही. १०८ ला फोन. ते नुसतं धडधडणं नाही.

पाकिटांचे फोटो पाठवलेत ते फार बरं केलंत. तुमच्या रात्रीच्या गोळीत दोन औषधं आहेत आणि त्यातलं दुसरं, हायड्रोक्लोरोथायझाइड, हे लघवी वाढवणारं, ज्याला आपण पाण्याची गोळी म्हणतो ते. रात्री जेवून ती घ्यायची आणि मग तीनदा उठायचं, यात नवल ते काय! ही गोळी सकाळी घेतली तर चालेल का, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा, स्वतःहून वेळ बदलू नका. बहुधा ते हो म्हणतील. बीपीची गोळी रात्रीच घेतली तर हृदयाचं रक्षण जास्त होतं असा एक समज मध्यंतरी पसरला होता. ब्रिटनमध्ये एकवीस हजारांहून जास्त रुग्णांवर अभ्यास झाला, २०२२ मध्ये निकाल आला: सकाळी घ्या की रात्री, हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांच्या प्रमाणात फरक पडत नाही.

सकाळची तुमची गोळी अम्लोडिपिन. संध्याकाळी पायावर सूज येते का? तुम्ही लिहिलेलं नाही, पण या गोळीने ती येऊ शकते. दिवसभर पायात साठलेलं पाणी रात्री आडवं झालं की वर येतं आणि मूत्रपिंडात जातं. मोजे काढल्यावर किंवा पैंजणाच्या जागी वळ उमटत असेल तर तेही डॉक्टरांना दाखवा, आणि दुपारी चारच्या सुमाराला अर्धा तास उशीवर पाय वर घेऊन बसा. गुडघ्यासाठी म्हणून दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या घेत असाल तर त्याही सांगा, त्यांतल्या बऱ्याच गोळ्यांनी बीपी चढतं.

वहिनींची गोळी. फोटोत ती अल्प्राझोलाम दिसते. वहिनींचा हेतू चांगला, पण ही दुसऱ्याच्या डब्यातून लोणच्यासारखी मागून घ्यायची वस्तू नाही. काही आठवड्यांत अंगाला सवय होते, मग अर्धीची एक होते, एकाची दीड. सकाळी डोकं जड हा तिचाच उरलेला अंमल. तुम्ही रात्री तीनदा उठता, न्हाणीची फरशी ओली, डोळ्यांवर गोळीची गुंगी. या वयात खुब्याचं हाड असंच मोडतं. आणि ॲप्निया असेल तर घसा आणखी सैल पडतो, ते वेगळंच. तरीही आज रात्रीपासून बंद, असं करू नका. महिनाभर रोज घेतल्यावर एकदम सोडली तर झोप आणखी उडते, जीव कासावीस होतो, बीपीही चढतं. कधी फिटही येऊ शकते. डॉक्टरांना खरं सांगा, ते हळूहळू उतरवून देतील. रागावले तर रागावू देत.

मग उपाय काय? जुनाट निद्रानाशावर पहिला उपाय गोळी नाही, हे अमेरिकेतल्या फिजिशियन लोकांच्या संघटनेने २०१६ पासून लेखी सांगितलंय. पहिला उपाय म्हणजे झोपेच्या सवयींची आणि विचारांची शिकवणी, तिला सीबीटी-आय म्हणतात. मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक सहा-आठ भेटींत ती शिकवतात. तिचा गाभा ऐकलात तर तुम्हाला मी उलटंच सांगतोय असं वाटेल: अंथरुणात कमी वेळ घालवा.

तुम्ही नऊला आडव्या होता. सहाला उठत असाल असं धरू. नऊ तास अंथरुणात आणि झोप पाचेक तास. उरलेले चार तास तुमचं अंथरूण तुम्हाला काय शिकवतंय? की इथे तळमळायचं असतं. वर्षानुवर्षं शिकवतंय. पाचाची झोप नऊ तासांवर पसरली की ती भाकरीचं पीठ कमी पडल्यासारखी मध्येच फाटते.

तर असं करायचं. सकाळी उठायची वेळ एक ठरवा, समजा साडेपाच. रात्र कशीही गेली तरी साडेपाच, रविवारीही. अंथरुणावर रात्री साडेअकराच्या आधी जायचं नाही. दुपारची झोप काही आठवडे पूर्ण बंद. सकाळी वहीत एक ओळ लिहायची, अंदाजे किती झोप लागली. घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवायचं, अंदाजच पुरे. आठवडाभर अंथरुणातल्या वेळेपैकी साधारण पंच्याऐंशी टक्के वेळ झोपेत जायला लागला की पंधरा मिनिटं आधी झोपायला जा. मग पुढच्या आठवड्यात आणखी पंधरा. पहिले दोन आठवडे वाईट जातात. दिवसा पेंग येईल, चिडचिड होईल, सगळ्यांना माझा राग येईल. त्या दिवसांत स्कूटी चालवू नका. फरक सहा-आठ आठवड्यांत कळतो. आणि हे तास कमी करणं घोरण्याची तपासणी झाल्यावर, डॉक्टरांना सांगूनच सुरू करा. ॲप्निया असेल तर आधी त्याचा बंदोबस्त. तोवर उठायची एकच वेळ मात्र उद्यापासून पाळा.

मध्ये जाग आली आणि वीसेक मिनिटांत झोप लागत नाही असं वाटलं (घड्याळ न बघता), तर उठा. बाहेरच्या खोलीत मंद दिव्यात बसा आणि वाती वळा. हो, वातीच. काम कंटाळवाणं हवं, हाताला हवं, डोक्याला नको. टीव्ही नको, मोबाइल नको. डोळे मिटायला लागले की परत अंथरुणावर. दोनदा उठावं लागलं तरी दोनदा. श्रावणात माझ्या एका पेशंटनी एवढ्या वाती वळल्या की शेजारच्या देवळालाही पुरल्या.

आता नदी. हा माझ्या मते तुमच्या निद्रानाशाचा खरा उगम आहे, आणि त्यावर 'मनावर घेऊ नका' हे सांगणं हा शुद्ध आगाऊपणा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं होतं. ज्यांनी ते घरात बघितलंय त्यांची भीती खोटी नाही. पण भीती आणि पहारा या दोन गोष्टी आहेत. तुम्ही एकट्याच रात्रभर पहाऱ्यावर आहात.

पहारा वाटून घ्या. इशारा पातळी चाळीस फूट, धोका पातळी पंचेचाळीस, आणि तुमच्या गल्लीत पाणी किती फुटांना शिरतं ते तुम्हाला पाठ असणारच. ते तीन आकडे कागदावर लिहून फ्रिजवर लावा. रात्री आठला घरातल्या कुणीतरी एकानं, तुम्ही नाही, पातळी आणि कोयनेचा विसर्ग बघायचा. चाळीसच्या बरीच खाली असेल तर त्या रात्री कुणीच बघायचं नाही. चढत असेल तर रात्री बघायची पाळी मिस्टरांची किंवा मुलाची, आणि वेळ आली तर ते तुम्हाला उठवतील. धरणातून सोडलेलं पाणी सांगलीत पोचायला बराच अवधी लागतो, मिनिटामिनिटाला बघून ते थांबत नाही. कागदपत्रं, महिन्याच्या गोळ्या आणि सोनं-नाणं एका पिशवीत भरून माळ्यावर ठेवा. पिशवी भरून ठेवली की अर्धी झोप येते, असं मला कृष्णाकाठच्या एकापेक्षा जास्त बायकांनी सांगितलंय. आणि पुराची स्वप्नं पडत असतील, पावसाचा आवाज आला की अंगाला घाम फुटत असेल, तर त्यावर वेगळे, चांगले उपचार आहेत. सरकारच्या टेली-मानसला १४४१६ वर फोन करा, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात.

बारीकसारीक गोष्टी आता भराभर. पाचच्या चहातला निम्माशिम्मा अंमल रात्री दहालाही अंगात असतो, तेव्हा शेवटचा कप दुपारी दोनच्या आत. रात्री मशेरी लावायची सवय असेल (पत्रात कुणी लिहीत नाही, म्हणून विचारतो) तर तीही झोप आणि बीपी दोन्हींच्या मुळावर. दिवसभराचं मीठ सगळं मिळून चहाचा एक सपाट चमचा, पाच ग्रॅमच्या आत. त्यात संध्याकाळचं भडंग आणि लोणचं आलंच. खारट खाल्लं की तहान, तहान की पाणी, पाणी की रात्रीची फेरी. काशाच्या वाटीने तळपाय घासून घेता का? घ्या, छान वाटतं, अपाय काही नाही. दुधात जायफळ चिमूटभर ठीक, उगाळून चमचाभर घेऊ नका, जास्त झालं तर ते बाधतं.

राहिल्या गौरी. जागरणाला जरूर बसा, फेर धरा, गाणी म्हणा. बीपी आवाक्यात असेल तर झिम्माही खेळा, फुगडीचं मात्र दुसरीला पुढे करा. एका रात्रीच्या जागरणाने हृदयाला काही होत नाही. फक्त दुसऱ्या दिवशी कितीही पेंग आली तरी साडेपाचलाच उठायचं आणि दुपारी आडवं व्हायचं नाही. गोळ्यांची वेळ चुकवू नका. अल्प्राझोलाम तोवर उतरत आली असेल, नसली तर त्या रात्री किती घ्यायची हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. वहिनीही येतीलच जागरणाला. त्या ती गोळी किती वर्षं घेताहेत, तेवढं त्यांना विचारा, आणि पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना त्यांनाही बरोबर न्या.